शालेय ग्रंथालयातील ग्रंथनिष्कासन : आयलंड ट्रीज प्रकरणाचा विचार (१९७५-८२)

शालेय ग्रंथालयासाठी कोणते ग्रंथ घ्यावेत हे शिक्षण मंडळाने ठरवावे, याविषयी सहसा दुमत नसते. परंतु एकदा कपाटात आलेला ग्रंथ त्यातील विचार अप्रिय वाटतात म्हणून काढून घेण्याचा अधिकार त्या मंडळास पोहोचतो काय, हा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात त्याचा ऊहापोह केला, त्याचा वृत्तान्त व त्यातील भाषाविषयक मर्म येथे पाहावयाचे आहे.

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज हा शालेय विभाग आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये तेथील शिक्षण मंडळाचे तीन सभासद पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेस गेले व तेथून ‘आक्षेपार्ह’ ग्रंथांची यादी घेऊन आले. यादीतील नऊ ग्रंथ उच्च शाळेच्या व एक कनिष्ठ शाळेच्या ग्रंथालयात आढळला. अकरावा बारावीच्या वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये ग्रंथ कपाटांतून काढविण्यात आले. पुढे मंडळाने चार पालक व शाळेतील चार कर्मचारी यांची समिती नेमली. तिने पाच ग्रंथ ठेवावेत व दोनच काढावेत, असे सुचविले. उरलेल्या चारांपैकी दोहोंविषयी तिचे एकमत झाले नाही. मंडळाने ही शिफारस बाजूस सारून नऊ ग्रंथ वर्ज्य ठरविले. तेव्हा जानेवारी १९७७ मध्ये स्टीव्हन पिको व अन्य चार विद्यार्थी न्यायालयात गेले.

मंडळाने प्रसिद्धिपत्रकात या ग्रंथांना अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीधर्मविरोधी, यहूदीविरोधी आणि निव्वळ घाणेरडे म्हटले होते. ही विशेषणे तपासून पाहण्याजोगी आहेत. यादीतील ‘द फिक्सर’ ही बर्नार्ड मालामड या यहूदी लेखकाची कादंबरी; झारशाही रशियात खोट्या आरोपाखाली छळल्या गेलेल्या यहूदी कारागिराची ती कथा आहे. ॲलिस चाइल्ड्रेस यांच्या १९७३ च्या कादंबरीत हार्लेममधील माणसे आपापल्या बोलीत बोलतात. पिरी टॉमस यांच्या आत्मकथनात स्पॅनिश हार्लेमची बोली आहे. ज्या शब्दांवर बोट ठेवले जाते ते पुष्कळदा पात्राच्या तोंडचे असतात, आणि पात्राचे उच्चार म्हणजे ग्रंथकाराचे विधान नव्हे. वाक्य प्रसंगापासून तोडले की त्याचा अर्थ उरत नाही, केवळ शब्द उरतो. न्या. पॉवेल यांनी आपल्या भिन्नमतपत्रास या ग्रंथांतील वेच्यांचे परिशिष्ट जोडले, तेही याच पद्धतीचे होय.

२५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय झाला. न्या. ब्रेनन यांच्या मते मंडळास विवेकाधिकार आहे. ग्रंथ शैक्षणिक दृष्ट्या अयोग्य असेल तर तो काढताही येईल. परंतु केवळ विचार नापसंत म्हणून तो काढणे विद्यार्थ्यांच्या विचारग्रहणाच्या हक्कास बाधक ठरते. तथापि या मीमांसेस पाच न्यायाधीशांचा पाठिंबा लाभला नाही. न्या. व्हाइट यांनी वस्तुस्थितीची चौकशी व्हावी एवढ्यापुरतीच संमती दिली. ऑगस्ट १९८२ मध्ये मंडळानेच ग्रंथ परत ठेवण्याचा ठराव केला, त्यामुळे ती चौकशी झालीच नाही. ही उणीव पुढे जाणवली. मे २०२५ मध्ये पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने टेक्ससमधील लॅनो परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाविषयीच्या खटल्यात वाचकांचा असा हक्क नाकारला.

शिक्षकाने निवड करावी लागते, कारण कपाटाला मर्यादा आहे, हा प्रतिपक्षाचा मुद्दा खरा आहे. परंतु निवडणारा ग्रंथ वाचतो व तो का घ्यावा याचे कारण शोधतो. काढणाऱ्यास पुष्कळदा दुसऱ्याने केलेली यादी पुरते. आयलंड ट्रीज येथे आठ जणांच्या समितीचे मत उपलब्ध असूनही परिषदेतून आलेली यादीच वरचढ ठरली. म्हणून ग्रंथ काढावयाचाच असेल तर तो आधी संपूर्ण वाचावा, कारण लेखी द्यावे आणि ते वाचकांसमोर ठेवावे, एवढी अपेक्षा विद्यार्थ्यांच्या वतीने करणे वाजवी होय. ज्या बोली अन्यत्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच शिरतात त्यांना शालेय ग्रंथालयातील कपाट हे थोड्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.