रस्ता कोणाचा?

सकाळीं मूल शाळेस निघालें कीं दारांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "गाड्या पाहून चाल!" उपदेश योग्यच आहे. परंतु मुलानें गाडी पाहावी हें आपण सांगतों. गाडीवाल्यानें मूल पाहावें, हें कोणीं सांगावयाचें? या प्रश्नाचा निकाल लावण्यास ब्रिटनला जवळजवळ साठ वर्षें लागलीं.

तेथील १८६५ च्या कायद्यान्वयें यांत्रिक गाडीपुढें एक माणूस चालत असे व शहरांत तिचा वेग ताशीं दोन मैलांहून अधिक नसावा असा दंडक होता. गाडी माणसाच्या चालीनें चाले. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई मोटारीखालीं सांपडून मरण पावली. मोटारीनें घेतलेला त्या देशांतील पादचाऱ्याचा हा पहिला बळी मानतात. तरीहि त्याच नोव्हेंबरांत वेगाची मर्यादा चौदा मैलांपर्यंत वाढली, आणि १९३० सालीं तर साध्या मोटारींवरील मर्यादाच उठली. १९३४ त ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं.

मग मात्र पावलें उचलावीं लागलीं. त्याच सालीं वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनीं रस्ता ओलांडण्याच्या जागीं नारिंगी गोळ्यांचे खांब उभारविले. १९३५ त वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची मर्यादा आली. परंतु त्या जागा दाखविण्यास जमिनीवर धातूच्या खिळ्यांच्या रांगा होत्या. त्या मोटारवाल्यास दुरून नीट दिसत नसत. म्हणून १९४९ मध्यें प्रयोग करून १९५१ पासून ठळक पांढरे पट्टे आले. तेंच झेब्रा क्रॉसिंग. पुढें १९५३ च्या कायद्यानें शाळेच्या वाटेवर फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या रक्षकास मोटार थांबविण्याचा अधिकार मिळाला. त्यानें फलक पुढें धरला कीं मोटारीनें थांबलेंच पाहिजे!

मुलांस सावधपणा शिकविणें तेथें कोणीं सोडलें नाहीं. परंतु येणाऱ्या गाडीचा वेग व अंतर लहान मुलास नीट जोखतां येत नाहीं. तेव्हां जो वेगवान व बलवान, त्यानेंच थांबावें, हें कायद्यास मान्य करावें लागलें.

तेच पांढरे पट्टे आज आपल्या शहरांतहि आहेत. त्यांच्यापुढें थांबणारीं वाहनें मात्र थोडीं. मुलास शाळेस नेतांना फूटपाथ नसेल तेथें रस्त्याच्या उजव्या कडेनें, समोरून येणारीं वाहनें दिसतील असें चालावें. मुलास वाहनांपासून दूरच्या बाजूस ठेवावें. उभ्या मोटारीच्या आडून रस्त्यांत उतरूं नये. आणि मूल शाळेंत पोंचवून आपण स्वतः मोटारींत बसलों, म्हणजे पुढच्या पट्ट्यांशीं दुसऱ्याचें मूल उभें असेल, त्याच्यासाठीं थांबावें.