माझगावच्या गोदीची कुळकथा

मुंबईत माझगावच्या किनाऱ्यावर १७७४ साली एक लहानशी सुकी गोदी बांधली गेली. काम एकच: ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची डागडुजी. आज तिथे पाणबुड्या बांधल्या जातात. तरी माझगाव डॉकचं कूळ दुरुस्तीवाल्यांचं आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

सुक्या गोदीचं काम पाहण्यासारखं असतं. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, दार लावायचं आणि पाणी काढून टाकायचं. पाणी उतरेल तसं जहाज ओळीने मांडलेल्या ठोकळ्यांवर बसतं आणि त्याचा तळ उघडा पडतो. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, गंजलेले पत्रे कापून नवे बसवायचे, सुकाणू आणि पंखा तपासायचा, रंग द्यायचा. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक मोठा. त्यामुळे गोदीतलं बरंचसं पाणी ओहोटीबरोबर आपसूक निघून जाई. फोर्टातल्या सरकारी गोदीत हे काम १७५० पासूनच चाललं होतं.

पुढे आगबोटींचा काळ आला. माझगावची गोदी पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपन्यांकडे गेली. १९३४ साली तिची खासगी कंपनी झाली, १९६० साली ती भारत सरकारने ताब्यात घेतली.

खरी कसोटी त्यानंतर लागली. ब्रिटिशांच्या लिअँडर आराखड्यावरून युद्धनौका बांधायला घेतली आणि ३ जून १९७२ रोजी ‘नीलगिरी’ नौदलात दाखल झाली. तिच्या मागोमाग त्याच वर्गातल्या आणखी पाच आल्या. १९८३ साली आपल्याच आराखड्याची ‘गोदावरी’ आली. त्यापाठोपाठ पाणबुडी. जर्मन आराखड्याची ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये माझगावातून बाहेर पडली.

आणि तिथेच घोडं अडलं. या पाणबुड्यांच्या जर्मन सौद्यावरून वाद पेटला होता, पुढची मागणी आली नाही. गोदी चालूच होती, पण पाणबुडीचं जाड पोलादी कवच जोडायला शिकलेले वेल्डर, फिटर दुसऱ्या कामांना लागले, काही निवृत्त झाले. पुढची पाणबुडी ‘कलवरी’ दाखल व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. तेवीस वर्षं! ‘कलवरी’च्या मालिकेतली सहावी आणि शेवटची ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आली. आता पुन्हा तसा खंड पडू देणं देशाला परवडणारं नाही.