दुसरा डेटाबेस, पहिली भाषा : फ्रॅपेमध्ये पोस्टग्रेस आलं तेव्हा

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "सॉफ्टवेअरचा इतिहास हा विषय होऊ शकतो का? त्यात कागदपत्रं कुठली, पुरावा कुठला?" त्याला उत्तर म्हणून आज एक छोटी गोष्ट घेऊ. एका वेब फ्रेमवर्कला दुसऱ्या डेटाबेसचा सपोर्ट मिळाला, एवढीच ती गोष्ट. वरवर पाहिलं तर प्रकाशन-नोंदीतली एक ओळ. पण ती नीट उलगडली की इतिहासाचे जवळपास सगळे प्रश्न तिच्यात सापडतात.

उदाहरण आपल्याकडचंच आहे. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या कंपनीचं पूर्वीचं नाव वेब नोट्स टेक्नॉलॉजीज, आजचं फ्रॅपे. ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे हिशेब, साठा, पगार सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर त्यांचं, आणि ते ज्यावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्कही त्यांचंच. बरीच वर्षं हे फ्रेमवर्क एकाच घराण्याच्या डेटाबेसवर चालायचं: आधी मायएसक्यूएल, मग मारियाडीबी. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत पोस्टग्रेसचा सपोर्ट आला.

मुळात दुसरा डेटाबेस कशाला?

इथे थोडं बाहेर बघावं लागतं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने मायएसक्यूएल विकत घेतलं. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सनच विकत घेतली. म्हणजे जगातला सगळ्यात लोकप्रिय मुक्त डेटाबेस, डेटाबेस विकणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या हातात गेला. मायएसक्यूएलचे मूळ लेखक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याची वेगळी शाखा काढली होती, ती मारियाडीबी. मोठ्या मुलीच्या 'माय' या नावावरून पहिला डेटाबेस, धाकट्या 'मारिया'वरून दुसरा.

या घडामोडींनी एक गोष्ट सगळ्यांना दाखवून दिली: तुमचा कोड मुक्त असला तरी तो ज्यावर उभा आहे त्याचा मालक बदलू शकतो. ज्या संस्थेचा सगळा हिशेब त्यात आहे तिच्यासाठी ही चैनीची चर्चा नाही. शिवाय अनेक संस्थांकडे आधीपासून पोस्टग्रेस सांभाळणारी माणसं असतात. एका सॉफ्टवेअरसाठी दुसरा डेटाबेस शिका, असं त्यांना सांगणं अवघड जातं.

एकच प्रश्न, दोन उत्तरं

आता तुम्ही म्हणाल, दोन्हीकडे एसक्यूएलच तर आहे, मग अडचण काय? अडचण बोलीची आहे. वऱ्हाडी आणि मालवणी दोन्ही मराठीच, पण एकीतलं वाक्य दुसरीत जसंच्या तसं टाकलं तर गडबड होते.

समजा, पांढरकवड्यातल्या एखाद्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीची नोंद ठेवली आहे: शेतकरी, गाव, वजन क्विंटलमध्ये, त्या दिवशीचा दर. तुम्ही विचारलं, "प्रत्येक शेतकऱ्याचा एकूण कापूस किती आणि दर काय?" एकाच शेतकऱ्याने तीन वेळा कापूस आणला, तिन्ही वेळा दर वेगळा. मग 'दर काय' या प्रश्नाचं एक उत्तर नाहीच. मारियाडीबी नेहमीच्या मांडणीत तरीही उत्तर देतं, तीनपैकी कुठला तरी एक दर उचलून. पोस्टग्रेस साफ नकार देतं: सरासरी हवी, कमाल हवी की किमान, ते आधी सांगा. पहिल्यावर वर्षानुवर्षं चाललेला अहवाल दुसऱ्यावर थांबतो. आपल्याला वाटतं नव्या डेटाबेसने मोडला. खरं तर जुन्याने झाकलेली संदिग्धता त्याने उघडी केली. मायएसक्यूएलने स्वतःसुद्धा २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून हाच कडकपणा नेहमीच्या मांडणीत आणला.

दुसरं बघा. तालुक्याचं अधिकृत नाव केळापूर, मुख्यालय पांढरकवडा. कारकुनाने रोमन लिपीत गावाचं नाव कधी सगळ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, कधी लहान. मारियाडीबीच्या प्रचलित तुलना-नियमांनुसार ती दोन्ही नावं एकच. पोस्टग्रेससाठी ती दोन वेगळी नावं. शोध तोच, पण सापडणाऱ्या नोंदी कमी. इथे चूक झाली असा कुठलाच संदेश येत नाही, म्हणून हा फरक पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा. (केळापूर आणि पांढरकवडा हे एकाच तालुक्याशी जोडलेलं आहे हे मात्र दोघांनाही कळत नाही. ते माणसालाच सांगावं लागतं.)

कोडमध्ये काय दिसतं?

फ्रॅपेमध्ये प्रत्येक तक्त्याच्या नावाआधी 'टॅब' हा उपसर्ग असतो, आणि पुढच्या नावात मोठी अक्षरं, कधी मोकळी जागाही असते. अशी नावं मारियाडीबीत उलट्या तिरप्या चिन्हात, म्हणजे बॅकटिकमध्ये लिहितात, तर पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरणात. चिन्हं विसरलात तर पोस्टग्रेस नावातली सगळी अक्षरं लहान करून टाकतं आणि 'असा तक्ता नाही' म्हणतं.

यावर फ्रॅपेने काय केलं? पोस्टग्रेसच्या भागात एक छोटं फंक्शन आहे. प्रश्न डेटाबेसकडे जाण्याआधी ते त्यातले बॅकटिक काढून दुहेरी अवतरण घालतं. 'टॅब'ने सुरू होणारं उघडं नाव दिसलं तर त्याला अवतरणात बसवतं. मजकुरातली जागा शोधणारं मारियाडीबीचं 'लोकेट' बदलून पोस्टग्रेसचं 'स्ट्रपॉस' करतं. आणि जिथे असं सरळ भाषांतर जमत नाही तिथे एकाच प्रश्नाची दोन रूपं शेजारी शेजारी लिहून ठेवायची सोय आहे, चालू डेटाबेस असेल त्याप्रमाणे एक उचललं जातं.

इथे क्षणभर थांबा, कारण मुख्य मुद्दा हा आहे. भाषांतर एकाच दिशेने होतं. प्रश्न लिहिले जातात मारियाडीबीच्या बोलीत आणि पोस्टग्रेससाठी ते बदलले जातात. कागदावर दोन्ही डेटाबेस समान, पण कोडमध्ये एक मातृभाषा आणि दुसरी शिकलेली भाषा. पहिला निर्णय कधी घेतला गेला हे विसरलं गेलं तरी त्याची खूण राहते. इतिहासात याला वाटेवरचं अवलंबन म्हणतात: आधी पडलेली पाऊलवाट पुढच्याचा रस्ता ठरवते.

तुलना : जँगोचं काय झालं?

एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढू नका, म्हणून शेजारी दुसरं ठेवू. पायथॉनमधलंच जँगो हे फ्रेमवर्क २००५ मध्ये खुलं झालं. तिथे सुरुवातीपासून एकाहून जास्त डेटाबेस गृहीत होते. वापरणारा सहसा एसक्यूएल लिहितच नाही, पायथॉनमध्ये लिहितो आणि मधला थर त्याचं एसक्यूएल बनवतो. म्हणून २००८ च्या १.० आवृत्तीत ओरॅकल आलं तेव्हा झळ मुख्यतः त्या मधल्या थराला बसली. ती कमी नव्हती. ओरॅकल रिकामा मजकूर आणि 'माहिती नाही' यांत फरक करत नाही, नावांना तेव्हा तीसची मर्यादा होती, आणि आपोआप वाढणारा क्रमांक वेगळ्या यंत्रणेने आणावा लागे. पण हे सगळं एका जागी सोडवता आलं.

फ्रॅपेत अनेक प्रश्न हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये, ठिकठिकाणी पसरलेले होते. त्यामुळे फ्रेमवर्कमध्ये सपोर्ट आला म्हणजे ईआरपीनेक्स्टचा प्रत्येक अहवाल पोस्टग्रेसवर चालला असं होत नाही. पुढे पायपिका या लायब्ररीवर आधारलेला क्वेरी बिल्डर आला, म्हणजे जँगोसारखा मधला थर. दुसऱ्या डेटाबेसने पहिल्या रचनेतली उणीव दाखवली आणि दुरुस्ती नंतर झाली, हा क्रम लक्षात ठेवा.

तुम्ही यावर काम करायचं ठरवलं तर

सुरुवातीला 'सपोर्ट' या शब्दाची व्याख्या करा. कोड मुख्य शाखेत आला तो दिवस, आवृत्ती प्रसिद्ध झाली तो दिवस, आणि खरा वापर सुरू झाला तो काळ, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कधी' हा प्रश्न या तिन्हींसाठी वेगळा विचारा. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी चालवू नका.

मग साधनांची चिकित्सा करा, जशी बखरीची करतो तशी. गिटमधली नोंद विश्वासार्ह वाटते, पण प्रत्येक बदलाला दोन तारखा असतात: लिहिल्याची आणि नोंदवल्याची. अनेक छोटे बदल एकत्र करून एकच नोंद केली असेल तर मधली धडपड पुसली जाते. कोण काय म्हणालं, कशाला विरोध झाला, हे चर्चेत शोधावं लागतं. एखादा शब्द कोडमध्ये पहिल्यांदा केव्हा आला हे शोधायची सोय गिटमध्ये आहे. बॅकटिक बदलणाऱ्या त्या ओळीपासून सुरुवात करून पाहा.

आणि शेवटी प्रश्न नीट मांडा. "फ्रॅपेने पोस्टग्रेस का घेतलं?" याचं उत्तर एका मुलाखतीत मिळेल. "एकाच डेटाबेससाठी लिहिलेल्या कोडमधली कुठली गृहीतकं दुसरा डेटाबेस आल्यावरच दिसली?" याला मात्र कोड वाचावा लागेल, तुलना करावी लागेल, मोजावं लागेल. तीन वर्षं पुरेल असा प्रश्न दुसरा आहे.