हाली मोडून कलदार
परदेशातल्या सत्राची तयारी करणारा अंबडचा विद्यार्थी आज पासपोर्ट, व्हिसा आणि डॉलरचा भाव बघतो. निजामी राजवटीत जवळपास एवढाच खटाटोप नागपूरला शिकायला जातानाही होता.

अंबड तेव्हा हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद जिल्ह्यात. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला विज्ञानाच्या संज्ञाही उर्दूतूनच घोकाव्या लागत. नाणंसुद्धा वेगळं. संस्थानाचा ‘हाली’ रुपया मोडून इंग्रजी ‘कलदार’ घ्यायचा, साधारण 7 हालींना 6 कलदार. बापानं जमवलेल्या 100 हालींचे हातात पडत जेमतेम 85 कलदार. मग बैलगाडीनं जालना, मीटरगेजनं मनमाड आणि तिथं ट्रंक-वळकटी उतरवून ब्रॉडगेजची गाडी.

1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल संस्थानातल्या कॉलेजांतून विद्यार्थी काढले गेले. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. नागपूरचं हे ऋण मराठवाड्यात फारच कमी आठवलं जातं.

जवळचं विद्यापीठ मिळायला 1958 उजाडलं. त्या वर्षी 23 ऑगस्टला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं.