प्रोस्टेट ग्रंथीचा क्षयरोग

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीला क्षयजंतूंचा होणारा संसर्ग. जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे किंवा क्षयग्रस्त मूत्रपिंडातून लघवीवाटे येथे पोचतात.

वारंवार लघवी, जळजळ, ओटीपोटात दुखणे, वीर्यातून रक्त जाणे ही लक्षणे प्रोस्टेटच्या कोणत्याही जंतुसंसर्गात आढळतात. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही. वाढलेल्या प्रोस्टेटचे दुर्बिणीतून ऑपरेशन होते आणि काढलेल्या तुकड्यांच्या अहवालात क्षय निघतो. ग्रंथी बोटाला टणक, खडबडीत लागते, रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन) वाढलेले असू शकते, म्हणून कर्करोगाची शंका येते. ती बायॉप्सीनेच फिटते. लघवीत पू आहे, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असा अहवाल आला की क्षय आठवलाच पाहिजे. तो न आठवता प्रतिजैविके बदलत राहण्यात महिने जातात. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधांनी तर क्षयजंतू तात्पुरते दबतात आणि निदान आणखी लांबते. क्षयाच्या निदानासाठी सकाळची पहिली लघवी लागोपाठ ३ ते ५ दिवस तपासतात. सीबीनॅट या जनुकीय चाचणीचा निकाल काही तासांत मिळतो, क्षयाच्या कल्चरला ६ ते ८ आठवडे लागू शकतात. या तपासण्या निगेटिव्ह आल्या तरी क्षय नाहीच, असे म्हणता येत नाही.

रोग बरा होतो तो औषधांनी. पहिले २ महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे ४ महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. भारतात ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. आधीच रक्त पाहून धास्तावलेल्या रुग्णाला हे पहिल्याच दिवशी सांगावे. कावीळ किंवा अंधूक दिसणे मात्र ताबडतोब डॉक्टरांना कळवायचे.

शस्त्रक्रिया लागते ती गुंतागुंतीसाठी. ग्रंथीत गळू झाले (एचआयव्हीबाधितांत हा धोका अधिक), तर सोनोग्राफीत पाहत सुईने पू काढतात किंवा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गळू उघडतात. लघवी अडत असेल तर अडवणारा भाग दुर्बिणीतूनच खरवडतात. तातडी नसेल तर आधी निदान ४ आठवडे औषधे दिलेली बरी. पू निघून आराम पडला तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावाच लागतो.

जंतू मेले तरी व्रण आकसतात. मूत्रमार्ग अरुंद होऊ शकतो, वीर्यवाहक नळ्या बंद होऊन वंध्यत्वही येऊ शकते. मूल हवे असलेल्या तरुणाशी याबद्दल औषधे सुरू करतानाच बोलावे.