काचेपलीकडची तारली : मॉन्टेरे मत्स्यालयाच्या भेटीपूर्वी

मत्स्यालय पाहायला जाण्यापूर्वी काही वाचावे लागते, असे सहसा कोणी मानीत नाही. तिकीट काढावे, काचेसमोर उभे राहावे, मुलांना मासे दाखवावेत आणि बाहेर पडावे, एवढीच त्या भेटीची कल्पना असते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या आणि २०२० पासून प्रेक्षकांसाठी बंद झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने आपल्याकडील दोन-तीन पिढ्यांच्या मनात मत्स्यालयाचे हेच चित्र रुजवले. त्यात गैर काही नाही. तथापि काही मत्स्यालये अशी आहेत की, ती ज्या जागेवर उभी आहेत त्या जागेचा इतिहास ठाऊक नसेल तर पाहणारा अर्धेच पाहून परततो. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालय हे त्यांतले ठळक उदाहरण होय.

सिलिकॉन व्हॅलीत स्थिरावलेली मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आई-वडिलांना आणि पाहुण्यांना ज्या ठिकाणी हौसेने नेतात, त्यांत मॉन्टेरे येतेच. आम्ही काही अध्यापक मित्र अशाच एका भेटीची आखणी करीत आहोत. साहित्याचे अध्यापक म्हटल्यावर आखणीची सुरुवात प्रवासाच्या वेळापत्रकाने होण्याऐवजी पुस्तकांनी झाली, हे वाचकांना नवल वाटू नये. त्या वाचनातून आमचे जे मत बनले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम मत्स्यालय या संस्थेच्या जन्माविषयी थोडे. समुद्रजीव काचेमागे ठेवून लोकांना दाखवण्याची पहिली सार्वजनिक सोय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली झाली. तिच्यासाठी जीव गोळा करून देणाऱ्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचे याच विषयावरील पुस्तक १८५४ मध्ये निघाले आणि इंग्लंडात घरोघरी काचपेट्या ठेवण्याचे वेड पसरले. या वेडाची किंमत काय पडली, हे त्याच्याच मुलाने लिहून ठेवले आहे. एडमंड गॉस यांच्या १९०७ सालच्या आत्मकथनपर ग्रंथात, संग्राहकांच्या झुंडींनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतली जीवसृष्टी कशी ओरबाडली गेली, याविषयीची खंत आहे. वडिलांनी ज्या सौंदर्याची ओळख करून दिली, त्याच सौंदर्याच्या नाशाला ती ओळख कारणीभूत ठरली. मत्स्यालय आणि रिकामा होत जाणारा समुद्र यांचे नाते असे पहिल्या पिढीपासूनच चालत आलेले आहे. मॉन्टेरेमध्ये ते उलट क्रमाने दिसते. तेथे समुद्र आधी रिता झाला, मत्स्यालय नंतर आले.

मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चिनी कोळ्यांची वस्ती होती. इतर कोळ्यांशी संघर्ष नको म्हणून ते रात्री मशाली पेटवून माकूळ धरीत. १९०६ सालच्या मे महिन्यात ही वस्ती आगीत भस्मसात झाली आणि त्या रहिवाशांना ती जागा परत मिळाली नाही. पुढे १९१७ मध्ये त्याच ठिकाणी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्र आले. आजचे मत्स्यालय त्याला लागूनच आहे. याच सुमारास, १९१६ मध्ये, क्नूट हॉव्हडेन या नॉर्वेजियन गृहस्थाने मासळी डबाबंद करण्याचा आपला कारखाना येथे काढला. एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यांचा कच्चा माल एकच होता, तो म्हणजे सार्डिन. कोकणात आपण जिला तारली म्हणतो, तिच्याच कुळातली ही मासळी.

हा व्यवसाय किती वाढला हे आकड्यांवरून कळते. १९३६-३७ च्या हंगामात कॅलिफोर्नियात सात लाख टनांहून अधिक सार्डिन पकडली गेली. एकट्या मॉन्टेरेमध्ये १९४१-४२ च्या हंगामात सुमारे अडीच लाख टन मासळी उतरली. यातला मोठा भाग माणसाच्या ताटात गेलाच नाही. त्याचे तेल काढले गेले, भुकटी झाली, कोंबड्यांचे खाद्य झाले, खत झाले. १९४७-४८ मध्ये त्या अडीच लाखांचा दहावा हिस्साही हाती लागला नाही. मधल्या एखाद्या हंगामाने पुन्हा आशा दाखवली खरी, पण पन्नाशीच्या दशकात कारखाने भराभर बंद पडत गेले. हॉव्हडेनचा कारखाना सर्वांत शेवटी, १९७३ मध्ये, थंडावला.

साहित्याच्या विद्यार्थ्याचा या कथेत प्रवेश होतो तो जॉन स्टाइनबेकच्या मागोमाग. त्याची ‘कॅनरी रो’ ही कादंबरी १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘डॉक’ हे पात्र ज्याच्यावर बेतले, तो एड रिकेट्स हॉव्हडेनच्या कारखान्याशेजारी एक छोटी प्रयोगशाळा चालवीत असे आणि शाळा-महाविद्यालयांना समुद्रजीवांचे नमुने पुरवीत असे. पदवी नसलेला हा अभ्यासक साधा व्यापारी नव्हता. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील प्राण्यांची मांडणी त्यांच्या कुळांनुसार करण्याऐवजी ते जेथे राहतात त्या जागेनुसार करणारा त्याचा ग्रंथ, जॅक कॅल्विन या सहलेखकासह, १९३९ मध्ये निघाला. १९४० मध्ये स्टाइनबेक आणि तो एका सार्डिन पकडणाऱ्या बोटीतून कॅलिफोर्नियाच्या आखातात गेले. त्या प्रवासाचे पुस्तक पुढच्याच वर्षी आले. मासळी का आटली, या प्रश्नावर रिकेट्सने स्थानिक वृत्तपत्रातून लिहिले. मासळी कोठे गेली असे विचारणाऱ्यांना, ती डब्यांत गेली, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले होते. १९४८ च्या मे महिन्यात रेल्वेगाडीच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला.

येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कारखान्यांच्या त्या रस्त्याचे नाव पूर्वी ‘ओशन व्ह्यू ॲव्हेन्यू’ असे होते. त्याला ‘कॅनरी रो’ हे नाव अधिकृतपणे मिळाले १९५८ मध्ये, म्हणजे मासळी संपल्यावर. कारखाने चालू होते तोवर रस्त्याच्या नावात समुद्राचे दर्शन होते. कारखाने संपू लागले तेव्हा कादंबरीचे नाव रस्त्याला मिळाले. वास्तव नाहीसे झाले की साहित्य त्याचे पर्यटन करू देते, असा कडवट निष्कर्ष यातून काढता येईल. पण गोष्ट तेथे थांबली नाही.

१९७७ च्या सुमारास काही सागरी जीवशास्त्रज्ञांनी हॉव्हडेनच्या ओसाड कारखान्याच्या जागी मत्स्यालय उभारण्याची कल्पना मांडली. संगणक व्यवसायातील डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांची पत्नी ल्यूसिल यांनी सुमारे साडेपाच कोटी डॉलर दिले आणि २० ऑक्टोबर १९८४ रोजी मत्स्यालय खुले झाले. दूरदूरच्या समुद्रांतून चमत्कारिक जीव आणण्याऐवजी दाराबाहेरचाच उपसागर दाखवायचा, हे त्याचे मूळ सूत्र. रिकेट्सने प्राण्यांना त्यांच्या वस्तीनुसार मांडले, तसेच येथील दालनेही वस्तीनुसार रचली गेली. पुस्तकाची अनुक्रमणिका इमारत होऊन उभी राहावी, तसा हा प्रकार आहे.

त्यातील केल्प या महाकाय शैवालाचे ‘वन’ २८ फूट उंचीच्या टाकीत आहे. वरून खरा सूर्यप्रकाश येतो आणि पॅकार्ड यांनी स्वतः रचलेले यंत्र पाण्याला लाटांसारखे हेलकावे देते. कारण पाणी हलते राहिले नाही तर केल्प जगत नाही. उपसागराचे पाणी दिवसा गाळून घेतात, म्हणजे प्रेक्षकांना स्वच्छ दिसते. रात्री मात्र ते न गाळता आत सोडतात. त्याबरोबर प्लवक आणि सूक्ष्म डिंभ येतात, कोणी न आणलेले जीव भिंतींवर रुजतात. हे मत्स्यालय रात्री समुद्राचाच एक भाग होते.

ये-जा दुसऱ्या दिशेनेही होते. केसाळ कातड्यांच्या व्यापाराने कॅलिफोर्नियाचे समुद्री पाणमांजर नामशेष झाले असे मानले जात होते. १९३८ मध्ये बिग सूरच्या किनाऱ्यावर त्यांचा एक छोटा कळप आढळला. आईपासून तुटलेली पिल्ले मत्स्यालयातील माद्यांकडून वाढवून ती पुन्हा समुद्रात सोडण्याचे काम येथे चालत आले आहे. जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीतील पाणमांजरांच्या वाढीपैकी निम्म्याहून अधिक वाटा अशा पिल्लांचा व त्यांच्या संततीचा आहे, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. सी-अर्चिन हे काटेरी प्राणी केल्प खातात, पाणमांजर त्यांना खाते. त्यामुळे पाणमांजर टिकले तर केल्पचे वनही टिकण्यास मदत होते.

असे असले तरी या इतिहासातून ‘माणसाने लुटले आणि माणसानेच सावरले’ असे सोपे तात्पर्य काढण्याचा मोह टाळावा लागतो. सांता बार्बराजवळच्या समुद्रतळावर, प्राणवायू अत्यल्प असल्यामुळे, गाळाचे थर न विस्कटता साचले आहेत. त्यांतील माशांच्या खवल्यांवरून सुमारे सतराशे वर्षांचा आलेख काढण्यात आला. एकही कारखाना नव्हता तेव्हासुद्धा सार्डिन कधी विपुल झाली, कधी जवळजवळ दिसेनाशी झाली, असे तो सांगतो. समुद्राच्या तापमानातील दीर्घ चढ-उतार त्यामागे असतात. मग दोष कोणाचा? आमच्या मते, ओहोटी निसर्गाची होती. तिच्यात जाळी दुप्पट जोमाने टाकण्याचा निर्णय माणसाचा होता. १९६७ मध्ये राज्याने मासेमारी थांबवली, १९८६ मध्ये ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली आणि २०१५ मध्ये साठा घटल्याने मुख्य मासेमारी पुन्हा बंद करावी लागली. कथा संपलेली नाही, हे ध्यानात ठेवूनच तेथे जायला हवे.

म्हणून आमच्या आखणीत एकच आग्रह आहे : आत जाण्यापूर्वी बाहेर फिरावे. तिकिटे आधी काढून ठेवावीत, शनिवार-रविवार टाळावा, उन्हाळ्यातही धुके आणि गार वारा असतो म्हणून उबदार कपडे घ्यावेत. या गोष्टी कोणीही सांगेल. आम्ही त्यात सकाळचा तासभर जोडला आहे. जुन्या लोहमार्गाच्या जागी आता पायवाट आहे. रिकेट्सला धडकलेली गाडी याच मार्गावरची. त्या वाटेने हॉपकिन्स केंद्रापर्यंत जाऊन, जेथे चिनी कोळ्यांची घरे होती तो किनारा पाहायचा. परत येताना ८०० क्रमांकाची, बाहेरून अगदी साधी दिसणारी रिकेट्सची प्रयोगशाळा पाहायची; ती आतून ठरावीक दिवशीच पाहता येते. मग मत्स्यालयात शिरल्यावर माशांकडे धावण्यापूर्वी, हॉव्हडेनच्या कारखान्याचे जे बॉयलर तेथे जपून ठेवले आहेत, त्यांच्यापुढे थांबायचे. मासळी शिजवायला लागणारी वाफ त्यांत तयार होत असे.

त्यानंतर केल्पचे वन, पाणमांजरे आणि शेवटी खुल्या समुद्राचे दालन. १९९६ मध्ये वाढवलेल्या या भागातील मोठ्या टाकीत दहा लाख गॅलनांहून अधिक पाणी आहे आणि तेथे सार्डिनचा थवा फिरत असतो. सोबत विद्यार्थी असतील तर त्यांना टाकीसमोर काही समजावून सांगू नये, असे आम्ही ठरवले आहे. बॉयलर पाहून आलेला विद्यार्थी त्या थव्याकडे आपणच वेगळ्या नजरेने पाहील. न पाहिल्यास, आमचा सकाळचा तास कमी पडला असे समजावे.