शेफील्ड फुटबॉल असोसिएशन
इंग्लंडमधील शेफील्ड नगर व त्याचा परिसर यांतील हौशी फुटबॉल-मंडळांची नियामक संस्था. स्थापना १८६७. एखाद्या विशिष्ट प्रदेशातील फुटबॉल-मंडळांनी एकत्र येऊन स्थापन केलेली ही जगातील पहिली संघटना मानली जाते. इंग्लंडमध्ये पुढे परगणावार ज्या फुटबॉल-संघटना निर्माण झाल्या, त्यांचा हा आद्य नमुना होय. विद्यमान ‘शेफील्ड अँड हॅलमशर काउंटी फुटबॉल असोसिएशन’ ही तिचीच उत्तराधिकारी संस्था आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेफील्ड हे पोलाद, चाकू-कात्र्या व चांदीचा मुलामा दिलेली भांडी यांच्या उद्योगांसाठी प्रसिद्ध होते. तेथे क्रिकेटची परंपरा जुनी होती आणि १८५५ मध्ये ब्रॅमल लेन हे क्रिकेटचे प्रशस्त मैदान खुले झाले होते. हिवाळ्यात क्रिकेट बंद पडल्यावर सभासदांचा व्यायाम व सहवास सुटू नये, या हेतूने नाथॅनिएल क्रेसविक व विल्यम प्रेस्ट या दोघा क्रिकेटप्रेमींनी २४ ऑक्टोबर १८५७ रोजी शेफील्ड फुटबॉल क्लबची स्थापना केली. आज अस्तित्वात असलेल्या फुटबॉल-मंडळांत हे सर्वांत जुने समजले जाते. प्रतिस्पर्धी संघच नसल्यामुळे आरंभी सभासदांतच विवाहित विरुद्ध अविवाहित अशा प्रकारचे सामने होत. १८५८ मध्ये या मंडळाने आपले नियम निश्चित केले. १८६० मध्ये हॅलम हे दुसरे मंडळ निघाले आणि २६ डिसेंबर १८६० रोजी सँडिगेट येथे या दोन मंडळांत सामना झाला. दोन भिन्न मंडळांमधील फुटबॉलचा हा पहिला सामना होय. त्यानंतर कारखाने, वस्त्या व क्रिकेट-मंडळे यांच्या आश्रयाने नवनवी मंडळे निघत गेली. ‘द वेन्झडे’ (नंतरचे शेफील्ड वेन्झडे) या मंडळाचे नाव याच काळाची साक्ष देते. त्याच्या सभासदांना बुधवारी दुपारनंतर कामातून सुटी मिळत असे व त्यावरूनच मूळ क्रिकेट-मंडळास ते नाव पडले होते. फुटबॉल हा केवळ खासगी निवासी विद्यालयांतील श्रीमंत विद्यार्थ्यांचा खेळ न राहता नागरी समाजात मूळ धरू लागला, तो अशा मंडळांमुळे.

स्थापना : १८६७ च्या प्रारंभी टॉमस यूडन या स्थानिक नाट्यगृहचालकाने एका चषकाची देणगी दिली. बारा मंडळांनी या स्पर्धेत भाग घेतला आणि ५ मार्च १८६७ रोजी ब्रॅमल लेनवर झालेल्या अंतिम सामन्यात हॅलम मंडळाने नॉरफोक मंडळावर विजय मिळविला. या सामन्यास सु. ३,००० प्रेक्षक उपस्थित होते. फुटबॉलच्या इतिहासातील ही पहिली चषक-स्पर्धा होय. निरनिराळ्या मंडळांना एकाच वेळापत्रकात व एकाच नियमावलीखाली खेळविण्याची निकड या स्पर्धेने स्पष्ट झाली आणि त्याच वर्षी स्थानिक मंडळांनी एकत्र येऊन शेफील्ड फुटबॉल असोसिएशन ही संघटना स्थापन केली. तोपर्यंत नियमांचा अधिकार एकट्या शेफील्ड क्लबकडे होता. आता तो सर्व सभासद-मंडळांच्या प्रतिनिधींकडे आला. नियमांत दुरुस्त्या करणे, मंडळांमधील तंटे सोडविणे, नगराचा प्रातिनिधिक संघ निवडणे व स्पर्धा भरविणे ही संघटनेची मुख्य कार्ये होती.

शेफील्डचे नियम : लंडन येथे २६ ऑक्टोबर १८६३ रोजी स्थापन झालेल्या ‘द फुटबॉल असोसिएशन’ या संस्थेने स्वतःची नियमावली तयार केली होती. शेफील्ड क्लब तिचा सभासद झाला. परंतु शेफील्डमध्ये खेळ मात्र स्थानिक नियमांनीच चालू राहिला. ३१ मार्च १८६६ रोजी लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये लंडन व शेफील्ड यांच्यात लंडनच्या नियमांनुसार सामना झाला व तो लंडनने जिंकला. शेफील्डने सुचविलेल्या बहुतेक दुरुस्त्या १८६७ मध्ये लंडनच्या संस्थेने फेटाळल्या. त्यामुळे पुढील दहा वर्षे इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या दोन प्रमुख नियमावल्या शेजारी-शेजारी नांदत होत्या.

शेफील्डच्या नियमांत प्रारंभी ‘रूज’ नावाचा दुय्यम गुण असे. गोलच्या दोन्ही बाजूंस सु. ३·६६ मी. अंतरावर निशाणे रोवीत. त्यांमधून, पण गोलच्या बाहेरून, गेलेल्या चेंडूस आक्रमक खेळाडूने प्रथम हात लावल्यास रूज मिळे आणि गोल समान झाल्यास रुजांच्या संख्येवरून निकाल लागे. यूडन चषकाचा अंतिम सामनाही रुजांवरच निकाली ठरला. १८६८ मध्ये ही पद्धती रद्द करण्यात आली. त्याच सुमारास शेफील्डने कॉर्नर किकचा अवलंब केला. लंडनच्या संस्थेने ती १८७२ मध्ये स्वीकारली. नियमभंगाबद्दल प्रतिपक्षास फ्री किक देण्याची पद्धती तसेच गोलखांबांवरील दांड्याचा वापर यांतही शेफील्ड आघाडीवर होते. खरा मतभेद होता तो ऑफसाइडच्या नियमाविषयी. लंडनच्या नियमानुसार पुढे असलेल्या खेळाडूस चेंडू दिला जाताना त्याच्या व गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक असे. शेफील्डमध्ये एक पुरे होई. साहजिकच शेफील्डच्या खेळात चेंडू दूरवर पुढे धाडण्यास अधिक वाव असे, तर लंडनच्या खेळात चेंडू पायाशी ठेवून धावण्यावर भर असे.

१८७१ पासून लंडन व शेफील्ड यांच्यातील सामने नियमितपणे होऊ लागले. लंडनच्या संस्थेचे चिटणीस चार्ल्स ऑल्कॉक यांचा या कामी मोठा वाटा होता. १८७४ पासून ग्लासगोशीही सामने सुरू झाले. या सामन्यांत कधी एका, तर कधी दुसऱ्या नियमावलीचा वापर होई. दोन्ही पक्षांना परस्परांच्या पद्धतींचे गुणदोष त्यामुळे प्रत्यक्ष अनुभवास आले. अखेर १८७७ मध्ये तडजोड झाली. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर तो कोणत्याही दिशेने आत फेकण्याची मुभा लंडनच्या संस्थेने मान्य केली आणि शेफील्डने तीन खेळाडूंचा ऑफसाइड नियम पतकरून आपली स्वतंत्र नियमावली सोडून दिली. एका समर्थ प्रादेशिक संस्थेने राष्ट्रीय ऐक्यासाठी आपला नियमविषयक अधिकार स्वेच्छेने विसर्जित केल्याची ही घटना फुटबॉलच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. देशभर एकाच नियमावलीचा प्रसार होण्यास तिने मोठे साहाय्य झाले.

स्पर्धा : संघटनेची चॅलेंज कप ही स्पर्धा १८७६-७७ च्या हंगामात सुरू झाली व पहिल्या वर्षीचा चषक द वेन्झडे मंडळाने हीली मंडळास हरवून जिंकला. १४ ऑक्टोबर १८७८ रोजी ब्रॅमल लेनवर विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात सामना खेळविण्यात आला. संघटनेच्या खेळाडूंतून निवडलेल्या दोन संघांचे नेतृत्व चार्ल्स व विल्यम क्लेग या बंधूंनी केले. हा सामना पाहण्यास हजारो लोक लोटले. प्रकाशझोतातील फुटबॉलचा हा आद्य प्रयोग होय.

हौशी व व्यावसायिक वाद : प्रेक्षक वाढू लागले, तसा खेळाडूंना पैसे देण्याचा प्रश्न उपस्थित झाला. १८७९ मध्ये झुलू युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कुटुंबियांसाठी निधी जमविण्याकरिता शेफील्डच्या काही खेळाडूंनी काळे रंग फासून व झुलूंचा वेष करून सामने खेळण्यास आरंभ केला. पराभूत राष्ट्राची अशी नक्कल त्या काळी करमणूक म्हणून खपून गेली. वादाचा विषय ठरला तो पैशाचा. या खेळाडूंना सामन्यांबद्दल मोबदला मिळू लागताच संघटनेने तो हौशी तत्त्वाचा भंग मानला व त्यांच्यावर बंदी घातली. परिणामी हा संघ लवकरच मोडला. वस्तुतः कामाचा रोज बुडवून खेळणाऱ्या कारागिरास भरपाई देणे व खेळालाच धंद्याचे स्वरूप देणे यांतील सीमारेषा ठरविणे अवघड होते. ज्या सुस्थित पुढाऱ्यांना रोजगार बुडण्याची झळ लागत नव्हती, त्यांना ही अडचण फारशी जाणवली नाही.

संघटनेचे धुरीण चार्ल्स क्लेग (१८५०–१९३७) हे व्यवसायाने वकील होते. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे झालेल्या इंग्लंड-स्कॉटलंड या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ते खेळले होते. व्यावसायिकतेस त्यांचा विरोध होता. तथापि, १८८५ मध्ये लंडनच्या संस्थेने व्यावसायिक खेळास मान्यता दिली. द वेन्झडे मंडळाने प्रारंभी हौशी धोरण सोडले नाही. पण खेळाडू दुरावू लागल्यावर १८८७ मध्ये त्यासही मोबदला देणे भाग पडले. क्लेग १८९० मध्ये राष्ट्रीय संस्थेचे कार्याध्यक्ष झाले. व्यावसायिकतेच्या या विरोधकास पुढे कित्येक वर्षे व्यावसायिक खेळाचेच नियमन करावे लागले. १९२७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला. शेफील्ड क्लब मात्र हौशीच राहिला व त्याने १९०४ मध्ये राष्ट्रीय हौशी चषक (अमॅच्युअर कप) जिंकला. हौशी व व्यावसायिक हा औपचारिक भेद इंग्लंडमध्ये १९७४ मध्ये रद्द झाला.

विलीनीकरण व उत्तरकाळ : १८७७ मध्ये शेफील्डमध्ये दुसरी प्रतिस्पर्धी संघटना निघाली होती. पुढे तिला हॅलमशर हे नाव मिळाले. १८८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या दोन्ही संस्था एकत्र आल्या व त्यांतून ‘शेफील्ड अँड हॅलमशर’ ही संयुक्त संघटना अस्तित्वात आली. नगरातील मोठी व्यावसायिक मंडळे राष्ट्रीय साखळी सामन्यांकडे वळल्याने या संघटनेचे कार्यक्षेत्र मुख्यतः स्थानिक खेळापुरते सीमित झाले. मंडळांची नोंदणी, पंचांचे प्रशिक्षण, शिस्तभंगाच्या प्रकरणांचा निर्णय तसेच प्रौढ, युवक व महिला यांच्या स्पर्धा ही तिची आजची कामे होत.

मूल्यमापन : शेफील्ड क्लबची हस्तलिखित नियमावली व जुने दप्तर यांस २०११ मध्ये लंडन येथील लिलावात ८,८१,२५० पौंड इतकी किंमत आली. यावरून त्यांचे ऐतिहासिक मोल ध्यानी येते. तथापि शेफील्डच्या संघटनेचे खरे महत्त्व कोणत्याही एका नियमात नाही. सामान्य मंडळांना आपल्या खेळाचे नियम सभेत बसून, चर्चेने व बहुमताने ठरविता येतात आणि व्यापक हितासाठी ते सोडूनही देता येतात, हे तिने दाखवून दिले. तिने पुरस्कारिलेली कॉर्नर किक आज सर्व देशांतील मैदानांवर घेतली जाते.